रात्रीच्या नाक्यांची शर्यत

वैशाखातल्या भर दुपारी अकोल्याच्या टिळक रोडवर किंवा अमरावतीच्या जयस्तंभ चौकात जो कोणी, निरुपाय म्हणून का होईना, सायकल घेऊन बाहेर पडला असेल, त्याला या प्रांतात रात्र ही निजण्याइतकीच प्रवासाचीही प्रशस्त वेळ का मानली गेली, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढला, की डांबर मऊ पडते, हँडलची मूठ हाताला चटका देते आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा अंगावर धावून येण्याचा उद्योग दिवेलागणीवर टाकतात. लांबच्या लग्नाची मंडळी असोत की आठवडी बाजाराची गाडी, पूर्वी उन्हाळ्यात बैल जुंपले जात ते सूर्य कलल्यावरच. अकोल्यात तर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला पूर्णेच्या पाण्याचा अभिषेक व्हावा म्हणून तरुणांची मंडळेच्या मंडळे आदल्या रात्री गांधीग्रामला जाऊन तेथून सुमारे अठरा किलोमीटर कावडी खांद्यावर वाहत शहरात येतात. तेव्हा रात्री सायकली काढून गावातले ठरावीक नाके एकामागून एक गाठायचे, प्रत्येक ठिकाणी हजेरीचा शिक्का घ्यायचा आणि पहाटेच्या आत मुक्कामी परतायचे, हा जो एक खेळ पाश्चात्त्य शहरांतून गेल्या साडेतीन दशकांत रूढ झाला आहे, त्याची हकीकत वऱ्हाडी वाचकाला फारशी परकी वाटू नये.

या खेळाला तिकडे ‘ॲलीकॅट’ म्हणतात. त्या नावाची पहिली शर्यत कॅनडातील टोरांटो शहरात ३० ऑक्टोबर १९८९ रोजी झाली असे मानले जाते, आणि तिचे प्रवर्तक कोणी क्रीडामहर्षी नव्हते, तर बँका, वकिलांच्या कचेऱ्या आणि छापखाने यांच्यामध्ये लिफाफे पोहोचवून उदरनिर्वाह करणारे सायकलस्वार हरकारे होते. न्यायालयाची खिडकी बंद होण्याच्या आत दावा दाखल झाला पाहिजे, जाहिरातीचा मजकूर छपाईच्या आधी हातात पडला पाहिजे, अशा निकडीच्या कामांवर त्यांची रोजी चाले. सकाळी हातात पत्त्यांची यादी पडली, की कोणता पत्ता आधी, कोणता मागून, कोणत्या इमारतीच्या मागच्या दाराने शिरले असता दोन मिनिटे वाचतात, याचा हिशेब ते पायडल मारता मारताच करीत. दिवसभराची चाकरी आटोपल्यावर तीच चाकरी रात्री खेळ म्हणून पुन्हा करावी, हे प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. परंतु आपल्या विदर्भातला शंकरपट तरी दुसरे काय आहे? ज्या कामावर पोट चालते, त्यातच कोण सरस हे ठरवण्याची हौस माणसाला सर्वत्र असते. पुढे १९९३ साली बर्लिनमध्ये या हरकाऱ्यांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. फॅक्स आणि त्यामागून आलेला ई-मेल यांनी त्यांच्या धंद्याचा बराचसा भाग गिळून टाकला. खेळ मात्र विद्यार्थी, कारकून, संगणकवाले अशा ज्यांनी आयुष्यात एकही लिफाफा पोहोचवला नाही, त्यांच्या हाती जाऊन टिकून राहिला.

मांडणी अगदी साधी असते. स्थळ आणि वेळ कर्णोपकर्णी कळवली जाते, नाममात्र वर्गणी जमा होते, आणि आरंभाच्या जागी सगळ्यांच्या सायकली एकत्र आडव्या टाकून स्वारांना काही अंतरावर उभे केले जाते. इशारा होताच प्रत्येकाच्या हाती नाक्यांची यादी पडते. ती यादी त्या क्षणापर्यंत कोणीही पाहिलेली नसते. काही जण ती न वाचताच सायकलीकडे धाव घेतात, तर काही जण तेथेच रस्त्याच्या दिव्याखाली बसकण मारून पेन्सिलीने क्रम लावू लागतात. दोन मिनिटे फुकट घालवणारे हे दुसरे लोक बहुधा पुढे निघतात, ही या खेळातली पहिली गंमत. प्रत्येक नाक्यावर एखादा स्वयंसेवक शिक्का घेऊन उभा असतो. कधी तो शिक्का देण्याआधी काही काम सांगतो, जिना चढून या, अमुक पाटीवरचा मजकूर लिहून आणा, एवढेसे. शर्यतीची खूण म्हणून चाकाच्या आऱ्यांमध्ये खोचायचा एक पुठ्ठ्याचा पत्ता मिळतो, आणि शोकीन मंडळी असे पत्ते वर्षानुवर्षे जपतात. पहिल्याप्रमाणेच सर्वांत शेवटी येणाऱ्यालाही बक्षीस देण्याची प्रथा आहे, आणि ती मला या खेळाच्या सुसंस्कृतपणाची साक्ष वाटते.

आता यातली खरी मेख पायांत नाही, क्रमात आहे. आरंभ आणि अंत ठरलेले असून मध्ये पाच नाके असतील, तर ते गाठण्याचे १२० क्रम संभवतात. सात असतील तर ५,०४०. आणि आठ म्हणताच ही संख्या ४०,३२० वर जाते. गणितज्ञांनी फिरत्या विक्रेत्याचे कूट म्हणून ज्या प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत, तोच हा प्रश्न. नाके वाढत गेले की सर्वोत्तम क्रम हमखास आणि झटपट काढून देणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. हातातला मोबाइल दोन ठिकाणांमधला जवळचा रस्ता दाखवील, यादी भरून दिली तर एखादा क्रमही सुचवील; पण कोणत्या बोळात आज मांडव पडला आहे, कोणत्या फाटकाशी मालगाडी वीस मिनिटे उभी राहते आणि कोणत्या चौकात नळाच्या कामासाठी खणलेला खड्डा तीन महिने तसाच आहे, हे त्याला कोण सांगणार? ज्याने आपले गाव वर्षानुवर्षे सायकलीवरून पाहिले आहे असा पन्नाशीचा गृहस्थ, भारी सायकलीवर बसलेल्या विशीतल्या पोराला येथे बिनदिक्कत मागे टाकू शकतो.

ही गोष्ट अमरावतीच्या नकाशावर मांडून पाहिली म्हणजे अधिक पटते. समजा, नेहरू मैदानावरून रात्री अकरा वाजता निघायचे आहे आणि यादीत आठ नावे आहेत: जवाहर गेट, खुनारी खिडकी, मालटेकडीचा पायथा, गाडगेबाबांचे समाधिमंदिर, विदर्भ महाविद्यालय, वडाळीचा तलाव, छत्री तलाव आणि बडनेरा रेल्वे स्थानक. पहिली दोन ठिकाणे परकोटाची. पेंढाऱ्यांच्या उपद्रवापासून येथल्या धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ साली हा दगडी तट बांधावयास घेतला. जुने गॅझेटिअर त्याची उंची वीस ते सव्वीस फूट आणि घेर सव्वादोन मैल सांगते, आणि पाच दरवाजे व चार खिडक्या मोजते. खिडकी म्हणजे माणसापुरता लहान दरवाजा. खुनारी खिडकीपाशी एका दंग्यात सातशे माणसे मारली गेल्याची जनश्रुती त्याच गॅझेटिअरने नोंदवली आहे. तटबंदी शत्रूसाठी बांधलेली असली तरी आज ती सायकलस्वाराला अडवते. जवाहर गेटातून आत शिरून सराफा, सक्करसाथ ओलांडून दुसऱ्या दरवाजाने बाहेर पडावे, की तटाला बाहेरून वळसा घालावा, याचा निर्णय दिवसा एक आणि रात्री दुसरा. दिवसा आतल्या पेठांत हातगाड्या, दुचाक्या आणि गाई यांमधून सायकल ढकलत न्यावी लागते. मध्यरात्री त्याच गल्ल्या मोकळ्या असतात, मात्र प्रत्येक गल्लीला तिच्या श्वानमंडळाची स्वतंत्र हुकमत असते आणि त्यांच्याकडून परवाना मिळवूनच पुढे सरकता येते.

उत्तरेकडची दोन ठिकाणे, गाडगेबाबांचे समाधिमंदिर आणि विदर्भ महाविद्यालय, एका दमात होतात. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाच्या आवारालगतचा रस्ता रात्री इतका निवांत असतो, की तेथे वेग आपोआप वाढतो. वडाळी आणि छत्री हे दोन तलाव मात्र पोहऱ्याच्या टेकड्यांच्या अंगाला आहेत. तेथे चढ आहे, अंधार आहे, आणि पोहरा-मालखेडच्या जंगलातला बिबट्या वडाळीच्या वस्तीकडे अधूनमधून फेरी मारून जातो, ही वार्ता अमरावतीकरांना वर्तमानपत्रांतून नित्य वाचावयास मिळते. त्या बाजूचा नाका मांडणाऱ्याने स्वयंसेवक तरी दोन उभे करावेत, एकटादुकटा नको. राहता राहिले बडनेरा. मुंबई-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग अमरावतीला शिवतच नाही. तो बडनेऱ्यावरून जातो आणि अमरावतीच्या वाट्याला तेथून फुटलेला एक फाटा येतो. यामुळे अमरावती शहर झोपलेले असताना दहा-एक किलोमीटरवरचे बडनेरा मात्र रात्रभर जागे असते, आणि दोन वाजताही तेथे चहा मिळतो. बाकीचे सात नाके एका झुबक्यात आणि हा एकटा दूर. त्याला आधी उरकावे की शेवटी, या एका प्रश्नावर सबंध शर्यतीचा निकाल लागू शकतो.

अकोल्याची प्रकृती निराळी आहे. तेथे शर्यत नदी ठरवते. मोर्णेच्या पश्चिमेला जुने शहर, असदगडाचा किल्ला आणि राजराजेश्वराचे मंदिर. पूर्वेला ताजनापेठ, कचेऱ्या, रेल्वे स्थानक आणि त्यांच्याभोवती वाढत गेलेले नवे शहर. नदीवर पूल मोजके, रेल्वेमार्ग ओलांडण्याच्या जागाही मोजक्याच. त्यामुळे अकोल्यात क्रम लावताना नाक्यांचा विचार करण्याऐवजी ओलांडण्यांचा विचार करावा लागतो: पलीकडच्या तीरावरचे सगळे नाके एकाच खेपेत संपवले नाहीत, तर पुलावरून पुन्हा परतण्याचा दंड भरावा लागतो. अमरावतीत दहा वाटांमधून एक निवडायची असते. अकोल्यात दोनच वाटा असतात आणि त्यांपैकी चुकीची निवडली तर फार महाग पडते. मला स्वतःला अकोल्याचा पट अधिक कठीण वाटतो, जरी अमरावतीचे मित्र हे सहजासहजी मान्य करणार नाहीत.

येथवर वाचून एखाद्या जबाबदार पालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्या रास्त आहेत. या खेळाची परदेशातली कीर्ती सर्वस्वी निर्मळ नाही. ज्याला वेळ वाचवायचा आहे तो लाल दिवा पाळत नाही, एकेरी मार्गाने उलटा शिरतो, आणि न्यूयॉर्कच्या काही शर्यतींत तर फ्रीव्हील नसलेल्या, ब्रेकही काढून टाकलेल्या सायकली अभिमानाने वापरल्या गेल्या. २००८ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या अशाच एका शर्यतीत लाल दिवा ओलांडणारा तरुण मोटारीखाली सापडून मरण पावला. आपल्याकडे कायद्याची स्थिती पाहू गेल्यास, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ ने सरकारी संमतीवाचून शर्यत लावण्यास मज्जाव केला आहे तो मोटार वाहनांना. सायकल त्या व्याख्येत बसत नाही. एवढ्यावरून सायकलस्वाराला रान मोकळे आहे असे मात्र कोणी समजू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे दंडनीय आहे, आणि त्यातून सायकल वगळलेली नाही. ज्या पिढीने नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलीला ठोकून घेतला आणि विनादिव्याची सायकल चालवल्याबद्दल फौजदारीत चार-आठ आणे भरले, तिला हे सांगावयास नको.

परंतु ज्या दोषासाठी हा खेळ बदनाम झाला, तो दोष नाक्यांच्या कल्पनेचा नसून ‘पहिला कोण’ या प्रश्नाचा आहे. तो प्रश्नच काढून टाकला तर काय उरते, याचे उत्तर याहून फार जुन्या एका सायकलसंप्रदायाने देऊन ठेवले आहे, आणि तो संप्रदाय आज महाराष्ट्रात चांगला रुजलेला आहे. फ्रान्समध्ये १८९१ साली एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत जाऊन परत येण्याची सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेराँ या स्वाराने ती एकाहत्तर तासांच्या वर थोड्या मिनिटांत जिंकली. पुढे १९३१ पासून तीच वाट हौशी स्वारांसाठी, ठरावीक मुदतीत पुरी करण्याची यात्रा म्हणून खुली झाली. आज ती चार वर्षांतून एकदा निघते, मुदत जास्तीत जास्त नव्वद तासांची, आणि २०१९ व २०२३ साली शेकडो भारतीय तिला गेले होते. तिला जाण्याची पात्रता मिळते ती ‘ब्रेवे’ नावाच्या लहान फेऱ्यांमधून, आणि मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथले सायकलस्वार अशा फेऱ्या नियमाने करतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. या चारही फेऱ्या एकाच हंगामात पार पाडणाऱ्याला ‘सुपर रँडोनर’ हा किताब मिळतो. पदवी तेवढी मोठी, बाकी बक्षीस नाही, क्रमांक नाही. साडेसात तासांत आलेला आणि तेरा तास वीस मिनिटांनी आलेला, दोघांचे प्रमाणपत्र सारखेच.

त्यातली दस्तऐवजी शिस्त मात्र आमच्या जुन्या महसुली खात्यालाही शोभावी अशी आहे. प्रत्येकाजवळ एक घडीचे कार्ड असते. त्यावर दर नाक्याचे नाव, तो उघडण्याची वेळ आणि बंद होण्याची वेळ. पहिल्या २०० किलोमीटरपर्यंत उघडण्याची वेळ ताशी ३४ किलोमीटरच्या हिशेबाने काढतात आणि बंद होण्याची ताशी १५ च्या. म्हणजे शंभराव्या किलोमीटरचा नाका निघाल्यापासून दोन तास छप्पन्न मिनिटांनी उघडतो आणि सहा तास चाळीस मिनिटांनी मिटतो. त्याआधी पोहोचलेल्याला थांबून राहावे लागते आणि त्यानंतर आलेल्याचा दाखला नामंजूर होतो. अतिवेगवानाला ताटकळत ठेवणारा हा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याला रस्त्यावरच्या माणसाची पारख होती. नाक्यावर माणूस नसेल तर पेट्रोल पंपाची पावती, एटीएमची चिठ्ठी किंवा दुकानदाराची सही-शिक्का पुरावा म्हणून चालते. रात्री पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, अंगावर उजेड परतवणारे जाकीट, हे सक्तीचे. मागे मोटार ठेवून वाटेत मदत घेणे निषिद्ध. शेकडो किलोमीटरच्या अंधाऱ्या रस्त्यावर पहारा कोणीच ठेवीत नाही. स्वार खोटे बोलणार नाही, या गृहीतावर सगळा कारभार चालतो, आणि आश्चर्य असे की तो चालतो.

अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन दोनशे, म्हणजे विधात्याने ही दोन शहरे ब्रेवेच्या सोयीसाठीच वसवली की काय असे वाटावे. या रस्त्याची एक कीर्ती आणखी आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. तो इतका, की एसटीतून प्रवास करणारी म्हातारी माणसे मुर्तिजापूर येईपर्यंत देवाचे नाव घेत. ३ जून २०२२ रोजी सकाळी सात वाजून सत्तावीस मिनिटांनी लोणी ते माना या टप्प्यावर डांबरीकरणाचे काम सुरू झाले आणि दिवस-रात्र पाळ्या लावून ७ जूनच्या संध्याकाळी पाच वाजता थांबले. एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत एकेरी पट्ट्याचे ७५ किलोमीटर सलग डांबर टाकले गेले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली, आणि कतारमध्ये २०१९ साली दहा दिवसांत केलेल्या सव्वापंचवीस किलोमीटरचा विक्रम मागे पडला. सातशेवीस माणसे त्यावर राबत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या वऱ्हाडी उन्हात खाली दीडशे अंशांचे डांबर असताना ती माणसे तेथे कशी उभी राहिली असतील, ही कल्पना मला त्या विक्रमाच्या आकड्यापेक्षा अधिक विस्मयकारक वाटते.

या रस्त्यावरून रात्री सायकलीने जाणे हा अनुभव गावातल्या शर्यतीहून वेगळा असला तरी त्याचे शहाणपण तेच आहे. बडनेरा मागे पडले, की दिव्याच्या झोतात रस्त्याची पांढरी कड आणि तिच्या बाहेरची बाभूळ एवढेच जग उरते. कापसाच्या हंगामात या बाभळींच्या फांद्यांना, जाणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस ठिकठिकाणी अडकलेला दिसतो. तो इतका पांढराशुभ्र, की प्रथम पाहणाऱ्याला झाडच फुलले आहे असे वाटावे. ट्रक मागून येतो तो आधी आपली सावली आपल्यापुढे लांबवत येतो. ती सावली आखडू लागली, की हँडल घट्ट धरावे, कारण ट्रक निघून गेल्यावरचा वारा सायकल आत ओढतो. बाटलीच्या आकाराचा जुना डायनॅमो ज्यांनी वापरला असेल त्यांना आठवेल, की तो टायरला घासून वीज काढी आणि चढावर वेग मंदावला, की नेमक्या गरजेच्या वेळी दिवा मिणमिणता होई. आजच्या दिव्यांना ती खोड नाही, पण रात्रभर पुरेल इतकी बॅटरी भरून घेणे ज्याच्या त्याच्या हातात.

पंक्चर ही या मार्गावरची नेहमीची बाब. गावाच्या फाट्यावर बाभळीचा काटा, महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून विखुरलेली केसासारखी बारीक तार. अंधारात ट्यूब बदलणे हे काम पाच मिनिटांचे. पण नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतल्या बाजूने बोट सावकाश, सबंध घेरभर फिरवले पाहिजे. तार दिसत नाही, टोचते तेव्हाच कळते. घाईने ते टाळणारा दोन किलोमीटरवर पुन्हा उतरतो आणि या वेळी त्याच्याजवळ ट्यूब नसते. पायांत कितीही बळ असलेला गडी तेथे काटा शोधणाऱ्या सावध बोटापुढे हरतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आरपार ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत एकट्याने पुरी केली, तेव्हा वैदर्भीय तरुणांना लांब पल्ल्याची ओढ लागली हे खरे. पण त्या ओढीला पाना, पंप आणि पॅच यांची जोड नसेल, तर ती मान्यापर्यंतसुद्धा पोहोचत नाही.

मुर्तिजापूर हा स्वाभाविक नाका. शकुंतला या नॅरोगेज गाडीचे हे जंक्शन होते; एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला जाई. फाट्यावरच्या टपरीत ट्रकवाल्यांसाठी रात्रभर स्टोव्ह चालू असतो, आणि जाकीट घालून उतरलेल्या सायकलस्वाराला तेथे ठरावीक चौकशीला तोंड द्यावे लागते. “एवढ्या रातच्यानं कुठी चाल्ले भाऊ? काही नवस हाय का?” अकोल्याला जाऊन परत यायचे आहे, असे सांगितले की दुसरा प्रश्न तयार असतो, “अन् भेटते काय?” काही नाही, म्हटल्यावर समोरून नुसते “मंग?” येते. या ‘मंग’चे समाधानकारक उत्तर सायकलविषयक कोणत्याही ग्रंथात दिलेले नाही. मात्र तोच टपरीवाला आपला पेन कानामागून काढून कार्डावर वेळ आणि सही घालतो, आणि ती पॅरिसमध्ये ग्राह्य धरली जाते.

अमरावतीला खेळांचे वावडे कधीच नव्हते. १९१४ साली येथे स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले खेळाडू तिकडे नेऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. त्या गावाने नाक्यांची रात्र मांडायची ठरवली, तर टोरांटोचा क्रम निवडण्याचा मोकळेपणा घ्यावा आणि पॅरिसचे घड्याळ घ्यावे, असे माझे मत आहे. यादी शेवटच्या क्षणी द्यावी, वाट ज्याने त्याने शोधावी. पण दर नाक्याला उघडण्याची वेळ असावी, म्हणजे राजकमल चौकातला लाल दिवा तोडून काहीच पदरात पडणार नाही. निघण्याआधी मोहल्ल्यातल्या पोलीस चौकीला लेखी कळवावे. पहाटे चारच्या आत सर्व आटोपावे, कारण त्यानंतर दुधाच्या आणि वर्तमानपत्रांच्या गाड्या सुसाट सुटतात आणि त्यांना कोणाचीच शर्यत ठाऊक नसते. मोसम कार्तिक ते माघ, हवा स्वच्छ आणि रस्ता कोरडा; भादव्यात काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते, की चाक फिरतच नाही. शेवटी येणाऱ्याला हातपंप बक्षीस द्यावा. त्याला त्याची गरज पडली असण्याचा संभव सर्वांत जास्त. आणि बडनेरा आधी गाठावे, असे माझे ठाम म्हणणे आहे, पाय ताजे असताना लांबचा पल्ला उरकलेला बरा. ज्यांना परतीच्या वाटेवर दोन वाजता तेथला चहा हवा असतो, ते मात्र अर्थातच याच्या नेमके उलट सांगतात.